‘जेरार्किको’ : एका इटालियन विशेषणाचा अर्थ आणि व्यवहार

संस्थेच्या स्मरणिकेत शाळेच्या वाटचालीचा आढावा असावा, गुणवंतांची नामावली असावी, दात्यांविषयी कृतज्ञता व्यक्त व्हावी, ही रीतच आहे. अशा अंकात एका परकीय विशेषणावर लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण आमच्याच एका माजी विद्यार्थ्याचा निरोप हे आहे.

इयत्ता पाचवीत आपल्या वसतिगृहात दाखल झालेला हा विद्यार्थी आज उत्तर इटलीत पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी त्याने एका गोदामात अर्धवेळ काम धरले. करारपत्रावर सही करण्यापूर्वी त्याने त्यातील एक वाक्य आम्हांला पाठविले. कामगाराने आपल्या ‘सुपेरिओरे जेरार्किको’च्या सूचना पाळाव्यात आणि गैरहजर राहावयाचे असल्यास त्यास आगाऊ कळवावे, असा त्या वाक्याचा आशय होता. सोबत त्याने लिहिले होते, “जय भीम सर. शब्दकोशात ‘श्रेणीबद्ध’ असा अर्थ मिळाला. ‘श्रेणीबद्ध वरिष्ठ’ म्हणजे काय? या कागदावर सही केली म्हणजे तो माणूस माझ्यापेक्षा वरच्या दर्जाचा आहे, असे मी मान्य केले असे होते का?”

प्रश्न व्याकरणाचा दिसतो, पण तो केवळ व्याकरणाचा नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना वरचा आणि खालचा हे शब्द जन्मावरून लागू केले गेले, त्यांच्या मुलाने हा प्रश्न विचारावा यात नवल नाही. त्याला एका ओळीत उत्तर देऊन भागले नसते. म्हणून आम्ही या शब्दाचा जो शोध घेतला, तो येथे सर्वांसमोर ठेवीत आहोत.

प्रथम शब्दाचे रूप पाहू. ‘जेरार्किको’ हे विशेषण ‘जेरार्कीया’ या नामापासून आले आहे. इंग्रजीतून आपल्या परिचयाचा झालेला ‘हायरार्की’ हा शब्द तो हाच. विशेषणाचा उच्चार करताना जोर ‘रार्’ या अक्षरावर येतो. नामात मात्र तो ‘की’वर जातो. मराठीत ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले घर’ असे विशेषण नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, तसेच इटालियनमध्येही होते. फरक इतकाच की तेथे लिंगे दोनच आहेत. पुल्लिंगी एकवचनात ‘ओर्दिने जेरार्किको’ म्हणजे श्रेणीचा क्रम. स्त्रीलिंगी एकवचनात ‘स्काला जेरार्किका’ म्हणजे अधिकाराची शिडी. पुल्लिंगी अनेकवचनात ‘राप्पोर्ती जेरार्किची’ म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठ संबंध. आणि स्त्रीलिंगी अनेकवचनात ‘स्त्रुत्तुरे जेरार्किके’ म्हणजे श्रेणीबद्ध रचना. पुल्लिंगी अनेकवचनात शेवटच्या ‘क’चा ‘च’ होतो, स्त्रीलिंगी अनेकवचनात ‘क’ कायम राहतो. नवशिक्यांची चूक बहुधा येथेच होते.

दुसरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे या विशेषणाची जागा. मराठीत विशेषण सामान्यतः नामाच्या आधी येते. इटालियनमध्ये ‘जेरार्किको’ हे नामाच्या मागून येते, कारण ते नामाचा गुण सांगत नाही, तर नामाचा प्रकार सांगते. ‘सुपेरिओरे’ म्हणजे वरचा, वरिष्ठ, श्रेष्ठ. हा शब्द एकटा असला तर त्याचे अनेक अर्थ होऊ शकतात. दर्जाने श्रेष्ठ, बुद्धीने श्रेष्ठ, उंचीने वरचा, असे काहीही. त्याच्यामागे ‘जेरार्किको’ जोडले की हे सारे अर्थ गळून पडतात आणि एकच उरतो: कामाच्या रचनेत ज्याचे पद आपल्या पदाच्या वर आहे तो. म्हणजे हे विशेषण वरिष्ठपण वाढवीत नाही. ते त्याला मर्यादा घालते. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या एका निरीक्षणात आहे. उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी शब्दाच्या इतिहासाकडे वळावे लागते.

या शब्दाचे मूळ ग्रीक आहे. ‘हिएरोस’ म्हणजे पवित्र आणि ‘आर्खेइन’ म्हणजे सत्ता चालविणे, अग्रणी असणे. पवित्र विधींचा प्रमुख तो ‘हिएरार्खेस’. ग्रीकमधून लॅटिनमध्ये आणि तेथून इटालियनमध्ये येताना आरंभीच्या ‘हिए’चा ‘जे’ झाला. हा बदल काही एकट्या या शब्दाचा नाही. लॅटिनमधील ‘हिएरुसालेम’ इटालियनमध्ये ‘जेरुसालेम्मे’ होते आणि ‘हिएरोनिमुस’ या नावाचे ‘जिरोलामो’ होते.

‘पवित्र सत्ता’ या अर्थाच्या शब्दाला ‘वरखाली रचलेल्या पायऱ्या’ हा अर्थ कसा चिकटला? इसवी सन ५०० च्या सुमारास एका ख्रिस्ती लेखकाने दायोनिसियस या प्राचीन व्यक्तीचे नाव धारण करून ग्रीकमध्ये दोन ग्रंथ लिहिले. एकात स्वर्गातील देवदूतांच्या श्रेणी सांगितल्या, दुसऱ्यात चर्चमधील श्रेणी सांगितल्या. देवदूतांचे त्याने तीन-तीनचे तीन गट करून एकूण नऊ वर्ग मांडले. वरच्या वर्गाला जो प्रकाश मिळतो तो त्याने खालच्या वर्गाकडे पोहोचवावा आणि सर्वांनी ईश्वराच्या जवळ जावे, हा त्या रचनेचा हेतू त्याने सांगितला. नवव्या शतकात हे ग्रंथ लॅटिनमध्ये आले आणि युरोपभर मान्यता पावले.

महाकवी दान्ते याने आपल्या ‘डिव्हाइन कॉमेडी’च्या ‘पारादीझो’ या तिसऱ्या भागात, अठ्ठाविसाव्या सर्गात, या नऊ वर्गांचे वर्णन केले आहे आणि तेथे हा शब्द जुन्या इटालियन रूपात वापरला आहे. यातील एक गोष्ट आम्हांला फार उद्बोधक वाटली. दान्तेने आपल्या ‘कोन्व्हिव्हियो’ या आधीच्या ग्रंथात देवदूतांचा क्रम निराळा दिला होता. पुढे त्याने तो बदलला. इतकेच नव्हे, तर ज्या पोप ग्रेगरीने वेगळा क्रम सांगितला होता, तो स्वर्गात गेल्यावर स्वतःच्या चुकीला स्वतःच हसला, असेही त्याने काव्यात सांगितले. ज्या क्रमाला पवित्र म्हटले गेले, तो क्रमसुद्धा माणसांनीच लिहिला होता, माणसांनीच वादाचा विषय केला होता आणि माणसांनीच दुरुस्त केला होता, हे यावरून दिसते.

शब्दाच्या पोटात दडलेले हे ‘पवित्र’ लक्षात ठेवून आता त्याच्या आजच्या व्यवहाराकडे येऊ. आजच्या इटलीत ‘जेरार्किको’ हा शब्द मुख्यतः कार्यालयांत, लष्करात, कारखान्यांत आणि न्यायालयीन भाषेत आढळतो.

‘पेर व्हीया जेरार्किका’ म्हणजे अधिकाराच्या क्रमाने. कर्मचाऱ्याने आपला अर्ज थेट मंत्रालयात न पाठविता आधी आपल्या वरिष्ठाकडे द्यावा, त्याने तो पुढे पाठवावा, या पद्धतीला हे नाव आहे. आपल्याकडील सरकारी नोकरांना ‘योग्य त्या मार्गाने’ हा शब्दप्रयोग चांगलाच परिचित आहे; त्याचा हा इटालियन भाऊ म्हणावयास हरकत नाही.

‘रिकोर्सो जेरार्किको’ म्हणजे एखाद्या अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध त्याच्याच वरच्या अधिकाऱ्याकडे केलेले अपील. इटलीत १९७१ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने (क्रमांक ११९९) याची पद्धत ठरवून दिली आहे. निर्णय कळल्यापासून ३० दिवसांत हे अपील करावे लागते. ९० दिवसांत त्यावर उत्तर न आल्यास ते फेटाळले असे समजून नागरिकाला पुढे न्यायाची दाद मागता येते. येथे पायऱ्यांची रचना सामान्य माणसाच्या उपयोगी पडते. खालच्याने अन्याय केला तर वरच्याला विचारता येते आणि वरचा गप्प बसला तरी वाट बंद होत नाही.

कायद्याच्या अभ्यासात ‘जेरार्कीया देल्ले फोन्ती’ म्हणजे कायद्याच्या स्रोतांची श्रेणी असा एक प्रयोग आहे. सर्वांत वर संविधान, त्याखाली संसदेचे कायदे, त्याखाली शासनाचे नियम. खालच्याने वरच्याशी विसंगत असू नये. ही श्रेणी माणसांची नाही, नियमांची आहे. आणि तिच्या शिखरावर माणूस नसून सर्व नागरिकांना समान सामाजिक प्रतिष्ठा देणारा संविधानाचा तिसरा अनुच्छेद ज्यात आहे तो ग्रंथ आहे. संगणकाच्या क्षेत्रातही एका फोल्डरमध्ये दुसरे आणि दुसऱ्यात तिसरे अशा मांडणीला ‘जेरार्किका’ रचना म्हणतात. तेथे मानापमानाचा प्रश्नच येत नाही.

मात्र एका वापरात या शब्दाला टीकेची धार येते. ‘मोल्तो’ म्हणजे ‘फार’. एखादी कंपनी किंवा एखादा समाज ‘मोल्तो जेरार्किको’ आहे असे इटालियन माणूस म्हणतो, तेव्हा तो बहुधा स्तुती करीत नसतो. तेथे वरच्यापुढे बोलण्याची सोय नाही, असे त्याला सुचवायचे असते.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या करारपत्राकडे परत येऊ. इटलीच्या १९४२ च्या दिवाणी संहितेतील कलम २१०४ असे सांगते की, कामगाराने मालकाच्या, तसेच श्रेणीनुसार आपण ज्यांच्या हाताखाली आहोत अशा त्याच्या सहकाऱ्यांच्या सूचना पाळाव्यात. पण कसल्या सूचना? कामाच्या अंमलबजावणीसंबंधीच्या आणि कामाच्या शिस्तीसंबंधीच्या. कुंपण येथेच घातलेले आहे. पुढे १९७० च्या मे महिन्यात झालेल्या कायदा क्रमांक ३०० ने, म्हणजे कामगारांच्या हक्कांच्या कायद्याने, हे कुंपण अधिक पक्के केले. कामाच्या ठिकाणी आपले मत मांडण्याचे स्वातंत्र्य कामगाराला आहे. त्याच्या राजकीय वा धार्मिक मतांची चौकशी करण्यास मालकाला मनाई आहे. त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई करायची तर आधी आरोप कळविला पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. गोदामातील वरिष्ठ कोणता माल कोठे ठेवायचा ते सांगेल. आमच्या विद्यार्थ्याने काय मानावे हे तो सांगू शकत नाही.

हे कुंपण मोडले म्हणजे काय होते, याचाही अनुभव इटलीने घेतला आहे आणि तो याच शब्दाच्या कुळात नोंदलेला आहे. ‘जेरार्का’ म्हणजे मुळात धर्मसत्तेतील उच्चाधिकारी. मुसोलिनीने १९२२ साली जे मासिक सुरू केले त्याचे नावच ‘जेरार्कीया’ होते. त्याच्या राजवटीत फॅसिस्ट पक्षाच्या पुढाऱ्यांना ‘जेरार्का’ म्हटले जाऊ लागले. तेथे पद हे कामापुरते राहिले नाही. माणूसच वरचा ठरला आणि आज्ञापालन हाच नागरिकाचा धर्म ठरला. राजवट १९४३ मध्ये कोसळली, पण शब्दावरचा डाग राहिला. आजही इटालियनमध्ये एखाद्याला ‘जेरार्का’ म्हणणे म्हणजे तो हुकूमशाही वृत्तीचा आहे असे म्हणणे होय. छोट्याशा खुर्चीवर बसून मोठा रुबाब करणाऱ्यासाठी ‘जेरार्केत्तो’ असे उपरोधाचे रूपही आहे.

या अनुभवानंतर १ जानेवारी १९४८ रोजी अमलात आलेल्या इटलीच्या संविधानाने न्यायाधीशांविषयी एक महत्त्वाचे तत्त्व घालून दिले. अनुच्छेद १०७ प्रमाणे न्यायाधीशांमध्ये भेद करायचा तो केवळ त्यांच्या कामाच्या भिन्नतेवरून. वरच्या न्यायालयात बसणारा माणूस खालच्या न्यायालयातील माणसाहून मोठा नाही; त्याचे काम वेगळे आहे, एवढेच. कामाचा भेद आणि माणसाचा भेद या दोन गोष्टी इतक्या स्वच्छपणे वेगळ्या करणारे उदाहरण आम्हांला दुसरे आढळले नाही.

हीच गोष्ट एका लहानशा शाळेनेही शिकविली. फ्लॉरेन्सजवळच्या मुजेल्लो भागात डोंगरावर बारबियाना नावाची वस्ती आहे. १९५४ च्या डिसेंबरात लोरेन्झो मिलानी नावाच्या धर्मगुरूची तेथे रवानगी झाली. वरिष्ठांना नकोसा झालेला हा माणूस त्या दुर्गम जागी गेला आणि त्याने शेतकऱ्यांच्या व मेंढपाळांच्या मुलांसाठी शाळा काढली. ती शाळा दिवसभर आणि वर्षभर चाले, सुट्टी नसे. मोठी मुले लहानांना शिकवीत. जो मागे पडेल त्याच्यासाठी सारे थांबत. वर्तमानपत्र सर्वांसमोर वाचले जाई आणि अडलेला प्रत्येक शब्द उलगडल्याशिवाय पुढे जात नसत. गरीब मुलगा खाली राहतो तो बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर शब्द कमी म्हणून, अशी मिलानी यांची धारणा होती.

१९६५ मध्ये त्यांनी लष्करी सेवेस सदसद्विवेकाने नकार देणाऱ्या तरुणांची बाजू घेऊन एक खुले पत्र लिहिले. त्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला आणि १९६६ च्या फेब्रुवारीत रोमच्या न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. वरून आज्ञा आली म्हणून कृत्याची जबाबदारी संपत नाही, ही त्यांची भूमिका होती. पुढे १९६७ च्या मे महिन्यात त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून ‘एका शिक्षिकेस पत्र’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. लेखक म्हणून कोणा एकाचे नाव न घालता ‘बारबियानाची शाळा’ असे नाव घातले. पुढच्याच महिन्यात मिलानी यांचे निधन झाले. डोंगरावरच्या मुलांनी एकत्र बसून शिक्षणव्यवस्थेला जाब विचारला, ही घटना आजही इटलीत आदराने सांगितली जाते.

आता उरला मराठीचा प्रश्न. ‘जेरार्किको’ला मराठीत काय म्हणावे? लोकप्रशासनाच्या पाठ्यपुस्तकांत ‘पदसोपान’ हा शब्द आहे. सोपान म्हणजे जिना. इटालियनमधील ‘स्काला’ हीच प्रतिमा सांगतो. ‘श्रेणीबद्ध’ हा शब्द रचनेसाठी ठीक आहे. ‘पदानुक्रम’ हा कार्यालयीन क्रमासाठी चालतो. परंतु आपल्या बोलण्यात आणखी एक शब्द आहे, ‘उतरंड’. घरात मडकी एकावर एक रचून ठेवत. मोठे तळाशी, लहान वर. जातिव्यवस्थेसाठी हा शब्द मराठीत रूढ झाला तो उगाच नव्हे. जिन्यावरचा माणूस पाय उचलून वर जाऊ शकतो. उतरंडीतले मडके आपणहून हलत नाही. आणि सर्वांत खालच्यावर सर्वांचा भार असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्ष होऊ न शकलेल्या ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या भाषणात याच शब्दाचे इंग्रजी रूप वापरले आहे. जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि त्या विभागांची एकावर एक अशी प्रतवारी लावलेली आहे, असे त्यांनी दाखवून दिले. ही प्रतवारी टिकते ती शास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धेमुळे, म्हणून त्या पावित्र्यालाच हात घातला पाहिजे, असेही त्यांनी तेथे सांगितले. ग्रीक ‘हिएरोस’चा अर्थ ज्याने एकदा समजून घेतला, त्याला बाबासाहेबांचा हा मुद्दा शब्दाच्या मुळाशी किती जाऊन भिडतो ते सहज कळेल. वरखालीपणाला पवित्र म्हटले की त्याला प्रश्न विचारता येत नाही. पवित्रपण काढून घेतले की उरते ती कामाची वाटणी. आणि कामाची वाटणी बदलता येते, तिच्याविरुद्ध अपील करता येते, ती मुदतीने संपते.

म्हणून आम्ही विद्यार्थ्याला कळविले, “सही कर. ‘सुपेरिओरे जेरार्किको’ याचे मराठी ‘श्रेष्ठ’ असे करू नकोस, ‘पदाने वरिष्ठ’ असे कर. ‘पदाने’ हा शब्द गाळू नकोस. कामाच्या सूचना मनापासून पाळ. कामाबाहेर तो आणि तू बरोबरीचे आहात, आणि हे तुझ्या कराराच्या त्या एका विशेषणातच लिहिलेले आहे.”

हे लिहून झाल्यावर आम्ही स्वतःकडेही पाहिले. आपल्या शाळेतही पायऱ्या आहेत. संस्थाचालक आहेत, मुख्याध्यापक आहेत, अधीक्षक आहेत, वरच्या वर्गातील मुले आहेत. त्याशिवाय चारशे मुलांचे जेवण वेळेवर होणार नाही आणि रात्रीचा दिवा वेळेवर मालवला जाणार नाही. परंतु मोठ्या मुलांनी लहानांकडून आपल्या बादल्या भरून घेतल्याच्या, कपडे धुऊन घेतल्याच्या तक्रारी आमच्याही कानांवर आलेल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी आम्ही त्या पुरेशा गांभीर्याने घेतल्याच असे म्हणवत नाही. दहावीचा मुलगा पाचवीच्या मुलाला अभ्यासाला बसवतो तेव्हा तो पदाने वरिष्ठ असतो. तोच त्याच्याकडून बादली भरून घेतो तेव्हा तो ‘जेरार्केत्तो’ होतो. हा फरक मुलांना शिकविणे हे आमचे काम आहे, आणि ते आधी आम्ही स्वतः शिकले पाहिजे.

माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण आज कोणा ना कोणाचे वरिष्ठ आहेत. कोणी कार्यालयात, कोणी कारखान्यात, कोणी शाळेत. पालकही घरात वडीलधारे आहेत. आपल्या हाताखालच्या माणसाशी बोलताना ‘पदाने’ हा लहानसा शब्द प्रत्येकाने मनात ठेवावा, एवढीच या लेखाच्या निमित्ताने नम्र विनंती आहे. आमच्या त्या विद्यार्थ्याने सही केली असून तो कामावर रुजू झाला आहे. त्याला आपणा सर्वांतर्फे शुभेच्छा.